पावती अर्ध्यावर थांबली तर

पतसंस्थेत, औषधांच्या दुकानात, आडत्याच्या गाळ्यावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून टरटरतोय, आणि त्याला खाद्य पुरवणारा प्रोग्रॅम बऱ्याचदा फॉक्सप्रो नाहीतर क्लिपरच्या काळातला असतो. तिथल्या मंडळींना एक विनंती. छपाई मध्येच थांबली, किंवा शेवटी एका बाणासाठी अख्खा कागद वाया गेला, तर लगेच रिबन बदलू नका, मेकॅनिकलाही बोलावू नका. प्रिंटरला पाठवलेली फाइल कुठे संपते, ते आधी बघा.

सीपी/एम ही जुनी प्रणाली फाइलची लांबी 128 बाइटच्या तुकड्यांत मोजायची. मजकूर 130 बाइटचा असला तरी नोंद दोन तुकड्यांची. मग मजकूर नेमका कुठे संपला हे कळावं म्हणून तिथे 26 क्रमांकाचं चिन्ह, म्हणजे कंट्रोल-झेड, टाकायची पद्धत पडली. 1981 साली आलेल्या डॉसला फाइलची नेमकी लांबी ठाऊक असायची, तरी ही खूण राहिली. गरज संपली, रिवाज मात्र चालूच!

आज त्रास होतो तो असा. कॉपी या आदेशाने फाइल थेट एलपीटी वनला पाठवली आणि स्लॅश बी लावायचं राहिलं, की ती साधा मजकूर समजली जाते आणि पहिल्या 26 ला तिचा शेवट धरला जातो. पण लोगो किंवा देवनागरी चित्ररूपाने छापताना प्रिंटरला आधी किती रकाने येणार ते सांगावं लागतं. रकाने नेमके 26 असले, की तोच आकडा शेवटाची खूण ठरतो आणि लोगो तिथेच तुटतो. म्हणून चित्र असलेली फाइल नेहमी स्लॅश बी लावूनच पाठवा.

अधिकचं चिन्ह लावून दोन मजकूर-फाइली जोडल्या, की कॉपी शेवटी स्वतःहून 26 चिकटवते. छपाईत हे 26 बाणासारखं उमटतं, म्हणजे शेवटचा बाण येतो तो बहुधा इथून. तो काढायचा तर मूळ फाइलीआधी स्लॅश ए आणि नव्या फाइलीच्या नावानंतर स्लॅश बी लावा. चित्राच्या फाइलीवर मात्र हा प्रयोग करू नका, ती कापली जाईल. शंका असेल तर फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा. 26 तिथे काळ्या चौकटीत ‘सब’ म्हणून दिसतं.

पोस्टस्क्रिप्ट लेझर प्रिंटरची तऱ्हा वेगळी. तिथे काम संपल्याची खूण कंट्रोल-डी, म्हणजे 4. जुन्या सिरियल जोडणीत ती लागायची. नेटवर्कवर जोडणी बंद झाली की काम संपलं हे कळतंच. तीच खूण फाइलीच्या सुरुवातीला आली, तर लिनक्सवरच्या सामायिक छपाईला फाइल ओळखू येत नाही आणि पत्राऐवजी पानामागून पान कोड छापला जातो. विंडोजमध्ये प्रिंटरच्या डिव्हाइस सेटिंग्जमध्ये ‘कामाआधी कंट्रोल-डी पाठवा’ या अर्थाचा पर्याय असेल, तर तिथे ‘नो’ करा.

शेवटचं पान लेझरमध्ये अडकून दिवा लुकलुकत राहिला, तर फाइलीच्या शेवटी पान सोडायची खूण, म्हणजे 12, नाही असं समजा. तुमचा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याला सांगा: शेवटी 12 एकदाच, आणि त्यानंतर 26 नको.