कोर्ट मागच्या अंगणात, पैसा मातीच्या पोटात

आमच्या वऱ्हाडात ले-आउटमध्ये प्लॉट घेतला की आधी घर होतं, मग कंपाउंड. मागे उरलेल्या जागेचं काय करायचं, याचं उत्तर ठरलेलं! गाडीचं शेड, नाहीतर भाड्याच्या दोन खोल्या. अलीकडे मात्र चार ठिकाणी वेगळीच मागणी माझ्या कानावर आली. ‘आई, मागे बॅडमिंटनचं कोर्ट करू या ना!’ आणि चारही घरांत ही मागणी मुलीची होती.

मैत्रिणींनो, माझं मत विचाराल तर जागा असेल तर कोर्ट जरूर करा. मुलगा गल्लीत खेळतो, शाळेच्या मैदानावर खेळतो, कुठेही खेळतो. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचं मैदान हळूच सुटतं. मनाई कोणी करत नाही, ‘आता मोठी झालीस’ एवढं एक वाक्य पुरतं. आणि आपलं काय? शेवटची रॅकेट हातात कधी धरली होती, आठवून बघा बरं.

पण हौसेच्या भरात पायाखालच्या मातीकडे कोणी बघत नाही. आपली काळी माती कापसाला, तुरीला सोन्यासारखी. बांधकामाला मात्र महाहट्टी. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. म्हणून तर उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटून जातात. जमिनीचं हे वर-खाली होणं दरवर्षी चालतं. त्यावर चार इंचांचं काँक्रीट ओतलं, तर तेही वर-खाली होणारच.

आमच्याच ले-आउटमधल्या एका ताईंचं असंच झालं. ठेकेदाराने वरची झाडंझुडपं काढली, थोडी गिट्टी पसरली आणि काँक्रीट टाकून हिरवा रंग मारून दिला. दिसायला झकास! दुसऱ्या पावसाळ्यानंतर मधोमध भेग पडली, एक बाजू उचलली गेली. तिथे ठेच लागून लेकीचा पाय मुरगळला. ठेकेदार म्हणाला, ‘ताई, मातीच खराब आहे.’ अहो, माती खराब नव्हती, ती काळी होती, आणि हे त्याला पहिल्या दिवशीच दिसत होतं. आता त्या कोर्टावर गाडी उभी असते. मला दुःख भेगेचं नाही. ‘पोरींच्या खेळापायी पैसा मातीत गेला’ हे वाक्य त्या घरात कायमचं रुजलं, याचं आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की पैसा दिसणाऱ्या पृष्ठभागावर नको, खालच्या भरावावर घाला. दुहेरी बॅडमिंटनचं कोर्ट 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद असतं. चहूबाजूंनी 3 फूट मोकळी जागा सोडली, की 50 बाय 26, म्हणजे 1300 चौरस फूट. दीड फूट काळी माती काढा आणि मुरमाचा भराव भोवतालच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट वर आणा. दोन फुटांचा हा थर दाबून झाल्यावर 26 ब्रास भरतो. मुरूम दबतो, त्यामुळे आणताना तीसच्या वर ब्रास लागेल हे धरून चाला. भरताना सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी आणि रोलर, मग पुढचा थर. एकदम ढीग टाकून वरून रोलर फिरवला, तर खालचा मुरूम पोकळच राहतो.

न फुगणाऱ्या मातीचा थर देऊन काळ्या मातीला आवर घालायची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी शास्त्रशुद्धपणे मांडली. तुमच्याकडे काळी माती फार खोल असेल, तर इंजिनिअरला दाखवूनच खोली ठरवा. मुरूम गौण खनिजात मोडतो, त्यामुळे रॉयल्टीची पावती मागायला लाजू नका. निघालेली माती फेकू नका, परसबागेला घाला नाहीतर एखाद्या शेतकऱ्याला द्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. एका बाजूला मोरीचं पाणी मुरतंय, दुसरी बाजू कोरडी, असं झालं की एकच बाजू फुगते. मोरीचं पाणी आणि केळीचं आळं कोर्टापासून दूर न्या. कोर्टाला एका बाजूला उतार द्या, 26 फुटांत साधारण 3 इंच, आणि कडेने नाली काढा. मोठं झाड जवळ असेल तर तेही लक्षात घ्या, कारण मुळं उन्हाळ्यात जमिनीतला ओलावा ओढून घेतात. काम दिवाळीनंतर काढा. ओली काळी माती फावड्याला सोडत नाही.

वर काँक्रीट हवंच का? मला तरी वाटत नाही. बारीक चाळलेला मुरूम दाबून, पाणी मारून छान मैदान होतं. आपली कबड्डी-खोखोची मैदानं अशीच तर तयार होत आली. पावसाळ्यानंतर कुठे खड्डा पडला तर दोन घमेली मुरूम टाकून धुम्मस करा, झालं. काँक्रीटची भेग मात्र अशी घरच्या घरी बुजत नाही. शिवाय आपल्या चाळिशीतल्या गुडघ्यांनाही मुरूमच बरा. शटल वाऱ्याने उडतं, हे खरं. मग सकाळी वारा पडलेला असताना खेळा, नाहीतर त्याच जागेत रिंग टेनिस खेळा.

घरात कोणी म्हणेल, ‘एवढ्यात गाडीचं शेड झालं असतं.’ होईल ना! पण गाडी उन्हात उभी राहिली तर तिचा रंग उडेल एवढंच. मुलीचं खेळणं एकदा सुटलं की परत येत नाही. म्हणून ठेकेदाराशी बोलताना बैठकीत चहा देऊन आत जाऊ नका. तिथेच बसा आणि पहिला प्रश्न तुम्हीच विचारा, ‘भाऊ, काळी माती किती फूट काढणार?’ रंगाचं नंतर बघू.