जनेलातली शिंपली आणि खाडीतली शिंपली

गोव्याच्या जुन्या घरांविषयी लिहायला बसले की शिंपल्यांच्या जनेलांचा उल्लेख केल्याशिवाय कोणाला राहवत नाही. कॅलेंडरवर ती असतात, हॉटेलांच्या जाहिरातींत असतात, चित्रकारांच्या कॅनव्हासवर तर असतातच. ह्या कौतुकाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की ते लाकडी चौकटीपाशी येऊन थांबते. चौकट सुताराने केली हे आपल्याला ठाऊक असते. पण त्या पट्ट्यांत सरकवलेली शिंपली कोणी घडवली आणि तो घडवणारा आज कुठे राहतो, हे आपण विचारत नाही.

काच दुर्मीळ आणि महाग होती तेव्हा आपल्या पूर्वजांनी ही चपटी शिंपली कापून जनेलांना लावली. शास्त्रीय भाषेत तिचे नाव प्लाकुना प्लासेंटा. फिलिपिन्समध्ये हिलाच कापीझ म्हणतात आणि तिथल्या जुन्या घरांनाही अशाच खिडक्या आहेत. 'काच परवडत नव्हती म्हणून शिंपली' असे आपण सहज बोलून जातो. जणू ती गरिबाची काच! भौतिकशास्त्र मात्र काही वेगळेच सांगते.

वजनाने पाहिले तर ह्या शिंपलीचा सुमारे ९९ टक्के भाग कॅल्साइट आहे. संगमरवर आणि चुनखडकही मुख्यतः त्याचेच. उरलेला जेमतेम एक टक्का सेंद्रिय द्रव्य. कॅल्साइटचा स्फटिक दिसतो सुंदर, पण ठिसूळ. वार बसला की चिरत जातो. प्राण्याने मात्र त्याचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचले आहेत. त्यांची जाडी मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शिवाय पापुद्र्यांतल्या स्फटिकांची दिशा जवळजवळ एकच ठेवली आहे. त्यामुळे बहुतेक प्रकाश आरपार जातो, आणि थोडासाच थराथरांत विखुरतो. आपल्या जनेलातून येणारे दुपारचे ऊन डोळ्यांना टोचत नाही, त्याचे कारण हे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ ह्या संशोधकांनी ह्याच शिंपलीवर हिऱ्याचे टोक रुतवून पाहिले. त्यांचा शोधनिबंध २०१४ साली 'नेचर मटेरिअल्स'मध्ये आला. टोक रुतते तिथे स्फटिकातले अणू अशा रीतीने सरकतात की त्याचा एक भाग दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब व्हावा. ह्यात आघाताची ऊर्जा खर्च होते आणि इजा त्या ठिपक्यापुरती राहते. नुसत्या कॅल्साइटच्या तुलनेत ही शिंपली सुमारे दहापट ऊर्जा पचवते. एका जागी घाव बसला तरी बाकीच्या भागातून पलीकडचे दिसत राहते. पारदर्शक चिलखत करू पाहणाऱ्यांना हिचे आकर्षण वाटले ते म्हणूनच. आणि हे सारे भट्टीशिवाय, समुद्राच्या पाण्याच्या तापमानात, गाळात पडल्या पडल्या!

अशा 'क्षुल्लक' वस्तूंकडे गंभीरपणे पाहण्याची परंपरा आपल्या देशातही आहे. १९३० साली नोबेल मिळाल्यानंतर सर सी. व्ही. रामन यांनी त्याच दशकात शिंपल्यांच्या इंद्रधनुषी रंगांचा अभ्यास केला होता. मग आमच्या शाळांत प्रकाशाचा धडा शिकवताना परदेशी प्रयोगशाळांची चित्रेच का दाखवायची? गल्लीतल्या जुन्या घराचे जनेल दाखवा की!

आता मुद्द्यावर येतो. ही शिंपली खडकाला चिकटून राहत नाही. खाडीच्या उथळ, चिखलाळ तळावर आडवी पडून पाणी गाळून जगते. म्हणजे तळ उपसला, पाणी नासले की ती गेली. आपल्याकडे चिखलीच्या आणि नावशीच्या खाडीत तिची वस्ती नोंदलेली आहे. २००१ साली तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत स्थान मिळाले. तरीही नावशीत मरिनाचा प्रस्ताव आला तेव्हा विरोधाला मुख्यतः गावकरी आणि मच्छीमारच उभे राहिले. वारसाप्रेमी म्हणवणारे आपण किती जण त्यांच्या बाजूला होतो?

'विकास नको का?' असे कोणी विचारील. हवा ना. पण जी वस्तू माणसाला अजून हुबेहूब करता आलेली नाही, ती करणारा कारागीर आपल्या दारात आहे. त्याचे घर मोडण्याआधी हिशेब तरी पुरता मांडावा. जनेल जपायचे आणि खाडी विकायची, ह्याला वारसा जपणे म्हणत नाहीत. झाड तोडून पाने वहीत ठेवावीत तसे ते आहे.

कायद्यामुळे दुरुस्तीला नवी शिंपली मिळत नाही अशी कुरकूर ऐकू येते. माझ्या मते कायदा योग्यच आहे. मात्र जुने घर पाडताना जनेलातली शिंपली मातीच्या ढिगात जाते, ते थांबवणे आपल्या हाती आहे. ती उतरवून ठेवा, शेजाऱ्याच्या जनेलाला द्या. आणि ग्रामसभेत खाडीचा विषय निघेल त्या दिवशी घरी बसू नका.