एक तुकडा कमी

आमचे मामू दौंडला राहतात. रेल्वेत सुतारकामाची नोकरी करून निवृत्त झाले, त्याला आता २० वर्षे झाली. त्यांच्या कपाटाच्या खालच्या दोन खणांत बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे ओळीने ठेवलेले आहेत. नवीन पाहुण्याला वाटते, फराळाचे असावेत. उघडले की आत लाकडाचे रंगीत तुकडे निघतात. ही चित्रकोडी. मुले त्यांना जिगसॉ म्हणतात. असे २३ डबे आहेत. दोन डबे रेल्वे कॉलनीतले एक अँग्लो-इंडियन शेजारी दौंड सोडताना देऊन गेले होते. बाकीची सगळी मामूंनी स्वतःच्या हाताने कापलेली आहेत.

दुकानात मिळणारे पुठ्ठ्याचे कोडे आणि हे कोडे यांत फरक आहे. पुठ्ठ्याचे कोडे साच्याने एका दाबात कापले जाते, म्हणून त्याचे तुकडे साधारण एकसारखे असतात आणि डब्यावर चित्रही छापलेले असते. मामूंच्या डब्यावर फक्त एक आकडा असतो, आत किती तुकडे आहेत तो. चित्र नाही. शिवाय ते करवत रंगाच्या कडेने फिरवतात. निळा रंग संपतो तिथेच तुकडा संपतो, हिरवा पुढच्या तुकड्यात सुरू होतो. त्यामुळे निळ्याच्या शेजारी काय येणार याचा पत्ताच लागत नाही. मधेच एखादा तुकडा किटलीच्या आकाराचा, एखादा इंजिनाच्या, एखादा चंद्रकोरीच्या. मुले असा तुकडा हाती लागला की ओरडतात, पण तो बसवायचा कुठे हे कळायला तास जातो.

हा छंद मामूंनी शोधलेला नाही. १७६० च्या दशकात लंडनमध्ये नकाशे कोरणारे जॉन स्पिल्सबरी यांनी नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला. मुलांना भूगोल शिकवायला तो विकला जाई. पुढे १९३२-३३ च्या मंदीत अमेरिकेत या कोड्यांचे वेडच लागले. काम गेलेल्या अनेक सुतारांनी घरी बसून कोडी कापली. ज्यांना विकत घेणे परवडत नव्हते त्यांना दुकाने आणि वाचनालये काही सेंट घेऊन रात्रीपुरते कोडे देत. इंग्लंडमध्ये १९३३ साली लाकडी कोडी सभासदांना वाचायला पुस्तके द्यावीत तशी देणारी संस्था निघाली. तिच्या डब्यांवरही चित्र नसते. आज अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात हाताने कापलेली कोडी हजारो डॉलरला जातात. मामूंना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग माझ्या कपाटाला कुलूप लावायला पाहिजे."

कुलूप मात्र त्यांनी कधी लावले नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना ते कोडी नेऊ देतात. अट एकच. नेताना त्यांच्यासमोर तुकडे मोजायचे, वहीत नाव, तारीख आणि आकडा लिहायचा. परत आणताना पुन्हा मोजायचे. "ही अमानत आहे," एवढेच ते म्हणतात.

गेल्या रमजानच्या आधी आम्ही शिरूरला एक डबा आणला. पुणे जिल्ह्याचा नकाशा, २८६ तुकडे. तालुक्यांच्या सीमांवरूनच करवत फिरवलेली, आणि गावांची नावे पांढऱ्या रंगाने पुसलेली. आम्ही तख्तावर प्लायवूडची एक मोठी फळी ठेवली. रोज असरनंतर इफ्तारीच्या तयारीपर्यंत घरातली माणसे तिच्याभोवती बसत. एरवी त्या वेळी प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. मगरिबच्या आधी फळी तशीच उचलून पलंगाखाली सरकवायची. आठ दिवसांत जुन्नर आणि मावळ जमले. शिरूर आपले, म्हणून सोपे जाईल असे वाटले होते, पण आपल्या तालुक्याचा आकार आपल्यालाच माहीत नाही हे कळले. खाली भीमा वाहते आणि तिच्या पलीकडे दौंड, एवढेच धरून आम्ही चाचपडत होतो.

चाँदरातीच्या दोन दिवस आधी नकाशा पूर्ण झाला. म्हणजे झाला असता. इंदापूरच्या बाजूला उजनीच्या पाण्यात बोटाएवढी पोकळी राहिली. डबा झटकला, तख्त हलवले, केरसुणी झाडून पाहिली, केराची बादली अंगणात उपडी केली. तुकडा नव्हता. ईदच्या सफाईत गेला असावा.

आता खरी गोष्ट सांगतो, ती सांगायला संकोच वाटतो. आम्ही मोठ्यांनी आपसात ठरवले की डबा गुपचूप परत द्यायचा. मामूंची नजर कमी झाली आहे. हल्ली ते परत आलेले तुकडे मोजतही नाहीत, नुसते झाकण लावून ठेवतात. ईदच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाचे मन कशाला दुखवा, असे आम्ही एकमेकांना समजावले. हे समजावणे मामूंसाठी नव्हते, आपल्या सोयीसाठी होते. पण ते आमच्या लक्षात आले नाही.

लक्षात आणून दिले आमच्या धाकट्या मुलीने. ती म्हणाली, "नाना हल्ली चावी विसरतात, नावं विसरतात. कधीतरी ते हे कोडं लावायला घेतील. त्यांना वाटेल, तुकडा आपल्याच हातून हरवला."

यावर आमच्यापैकी कोणी बोलले नाही. मामूंना आपल्या विसरण्याची भीती वाटते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दोन वेळा त्यांनी विचारले होते, "माझं काही चुकतंय का रे?" आमच्या एका तुकड्याची चूक आम्ही त्यांच्या त्या भीतीत मिसळून देणार होतो.

ईदच्या दुसऱ्या दिवशी न्हावरे, पारगाव, चौफुला करत आम्ही दौंडला गेलो. शिरखुर्मा झाला. मग डबा समोर ठेवला आणि सांगितले, "मामू, एक तुकडा आमच्याकडून हरवला. २८५ आहेत."

ते काही बोलले नाहीत. उठून वही आणली, चष्मा लावला, बोटाने ओळ शोधली. आमच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात २८६ लिहिले होते. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला. "मी मोजूनच दिले होते ना?" आम्ही हो म्हणालो. "तरी मला वाटलंच. मी बरोबर मोजले होते." तुकडा गेल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होते, पण आपली वही बरोबर निघाल्याचे समाधान त्याहून मोठे होते.

मग त्यांनी दुरुस्ती काढली. हाताने कापलेल्या कोड्याची हीच बरकत आहे, त्याचा तुकडा पुन्हा करता येतो. नकाशा पूर्ण मांडला. पोकळीवर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासली, की कडेचा आकार उमटला. तो कागद तेवढ्याच जाडीच्या प्लायवर चिकटवला. टेबलाच्या कडेला पाचरीसारखी खाच असलेली फळी बसवली आणि बारीक पात्याची करवत काढली. पात्याचे दाते खाली असावेत, करवत सरळ उभी चालवावी आणि वळण आले की करवत न वळवता लाकूड फिरवावे. कापताना रेघेच्या किंचित बाहेरून जावे, उरलेले काचकागदाने घासून घ्यावे. जास्त कापलेले परत येत नाही.

त्यांचा हात थरथरत होता. दोन मिनिटांनी त्यांनी करवत मुलीच्या हातात दिली आणि स्वतः लाकूड धरून बसले. "दाबू नको बेटा, पातं आपोआप चालतं." पहिली दोन पाती मोडली. तिसऱ्यांदा तुकडा निघाला. घासून बसवला तर घट्ट बसला. आम्ही रंगाची डबी शोधू लागलो, तर मामू म्हणाले, "रंगवू नका. कोरा राहू दे." वहीत २८६ समोर त्यांनी एक खूण केली आणि मुलीचे नाव लिहिले.

वाचकहो, घरी असे कोडे करायला फार खर्च नाही. पाच-सहा मिलिमीटरचा प्लाय, एखादे जाड कागदावरचे चित्र, फेविकॉल, करवत आणि डझनभर पाती. पहिले कोडे २०-२५ तुकड्यांचेच करा आणि करवतीपाशी लहान मुलांना एकटे सोडू नका. चित्र चिकटवल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवा, नाहीतर कापताना कागद उचकटतो. झाले की तुकडे मोजून डब्यावर आकडा लिहा. आणि कोणाला दिले तर वहीत लिहून द्या, परत घेताना त्यांच्यासमोर मोजा. यात अविश्वास नाही. घेणाऱ्याचीही त्यातच सुटका असते.

मुलीने आता शिरूरला स्वतःचे पहिले कोडे कापायला घेतले आहे. पात्यांचा दुसरा डझन परवा संपला.