पाककृतीचे धनी कोण?

बटर चिकन आणि दाल मखनी प्रथम कोणी केली, हा वाद जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सुनावणीला आला. ‘मोती महल’च्या मालकांनी २०१९ साली निघालेल्या ‘दर्यागंज’ या उपाहारगृहाविरुद्ध २,७५२ पानांचा दावा गुदरला आणि सुमारे दोन कोटी रुपयांची भरपाई मागितली. एका बाजूस कुंदनलाल गुजराल यांचे घराणे, दुसऱ्या बाजूस त्यांचेच भागीदार कुंदनलाल जग्गी यांचे. ‘आम्हीच जनक’ ही पाटी कोणी लावायची, यावरून हे भांडण!

मालकामालकांच्या या झोंबीशी रेल्वे आणि डाक कामगारांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, संबंध आहे आणि तो जवळचा आहे.

गुजराल आणि जग्गी यांच्याविषयी आमच्या मनात अनादर नाही. फाळणीनंतर निर्वासित म्हणून दिल्लीत आलेली ही माणसे. पेशावरात दुसऱ्याच्या खानावळीत राबून त्यांनी हुन्नर कमावला, आणि ‘मोती महल’ हे नावही त्या खानावळीचेच. म्हणजे ज्या मिळकतीवर आज वारस हक्क सांगतात, तिचे मूळ भांडवल नोकराच्या हातातले कसब हेच होते. मग त्यानंतर पंचाहत्तर वर्षे तंदुरापुढे होरपळलेल्या आचाऱ्यांचे, भांडी घासणाऱ्या पोरांचे नाव पाटीवर कुठे आहे?

कायदाही त्यांच्या बाजूचा नाही. पदार्थ करण्याच्या रीतीला कॉपीराइट मिळत नाही, तो मिळतो लिहिलेल्या मजकुराला. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला धनी, वेगळा करार नसेल तर, मालकच! आचाऱ्याने आयुष्यभराच्या अनुभवाने वही भरली, तरी ती मालकाची. चव आचाऱ्याच्या हाताची, नाव मालकाचे, नफाही मालकाचा.

आपल्या घरातलेच पाहा. ‘रेल्वे मटण करी’ आज बड्या हॉटेलांत चढ्या भावाने विकली जाते. ती चव रेल्वेच्या जेवणाच्या डब्यांतल्या आणि स्टेशनांवरील उपाहारगृहांतल्या खानसाम्यांनी लोकप्रिय केली. त्यांपैकी एकाचे तरी नाव कोणाला ठाऊक आहे?

‘नावात काय आहे’ असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर आहे : हजेरीपटावर नाव नसले की भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, अपघाताची भरपाई नाही. रेल्वे कॅन्टीनच्या कामगारांनी हे ओळखले होते. ते न्यायालयात झगडले आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने वैधानिक व मान्यताप्राप्त कॅन्टीनमधील कामगार हे रेल्वेचेच नोकर असल्याचा निर्वाळा दिला. त्याआधी १९५७ साली कॉफी बोर्डाने कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा कॉम्रेड ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने वेटर आणि आचाऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या. ‘इंडियन कॉफी हाउस’ ही पाटी कामगारांच्या मालकीची झाली.

जनकत्वाचा निवाडा न्यायालय करील तो करो. आमची मागणी साधी आहे : प्रत्येक स्वयंपाकघरातल्या, प्रत्येक ठेकेदाराच्या कामगाराला नेमणूकपत्र द्या, हजेरीपटावर त्याचे नाव घाला. बंधूंनो, आपल्या स्टेशनावरील आणि कार्यालयातील कॅन्टीन कामगारांपासून सुरुवात करा. त्यांना आपल्या शाखेच्या सभेला बोलवा, त्यांच्या मागण्या आपल्या निवेदनात घाला. चूल पेटवणाऱ्याचे नाव आधी, पाटीचा वाद मागून!