पुस्तक स्वतःचे, तपासणी कोणाची?

रविवारची सकाळ. चिंचवड, निगडी किंवा भोसरीतील एखादे छोटे सभागृह. व्यासपीठावर पाच खुर्च्या, शाली, श्रीफळे आणि रंगीत कागदात बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा. लेखक तीस-बत्तीस वर्षे कारखान्यात काढून निवृत्त झालेला. प्रकाशक म्हणून पत्नीचे किंवा मुलीचे नाव. प्रमुख पाहुणे पुस्तक पूर्ण वाचता आले नाही, चाळले आहे, असे मोकळेपणाने सांगतात आणि पुढच्याच वाक्यात ते अत्यंत वाचनीय असल्याचा निर्वाळा देतात. चहापानानंतर प्रती वाटल्या जातात. उरलेले गठ्ठे रिक्षातून घरी येतात आणि माळ्यावर चढतात.

उद्योगनगरीला हे दृश्य नवे नाही. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आणि बजाज आले, 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. प्रत्येक टप्प्यावर मराठवाडा, खानदेश, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातून माणसे येथे आली. गाव सुटल्याचे, पाळीच्या नोकरीचे, भाड्याच्या खोलीचे अनुभव त्यांच्यापाशी होते आणि लिहिण्याची इच्छाही होती. आळंदीला 1996 मध्ये शान्ता शेळके यांच्या अध्यक्षतेखाली, तर पिंपरीत जानेवारी 2016 मध्ये डॉ. श्रीपाल सबनीस यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. पिंपरीचे संमेलन भरले ते हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्याच मैदानावर. लेखनाची हौस या पट्ट्यात आहे, यात शंका नाही. खरी अडचण हौशीनंतर सुरू होते.

भोसरीच्या एमआयडीसीत चार यंत्रांवर सुटे भाग करणारा छोटा कारखानदारदेखील पहिला नमुना मंजूर झाल्याशिवाय मालाचा लॉट पाठवत नाही. ड्रॉइंग, पर्चेस ऑर्डर, चलन, तपासणी अहवाल यांविना येथे एक नगही हलत नाही. मोठ्या कारखान्यांत तर तपासणी विभाग उत्पादन विभागाच्या हाताखाली ठेवायचा नाही, हा मूलभूत दंडक असतो. ज्याला आकडा गाठायचा आहे त्याच्याच हाती ‘पास’चा शिक्का दिला, तर काय होते हे या गावाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

हाच माणूस स्वतःचे पुस्तक काढताना मात्र ही सारी शिस्त गेटवर ठेवून येतो. स्वप्रकाशनात लेखकच उत्पादक असतो, तोच तपासनीस आणि बहुतेक वेळा तोच ग्राहक. अक्षरजुळणी करणाऱ्याला पैसे तो देतो, मुद्रकाला तो देतो, प्रस्तावना लिहिणारे त्याचे स्नेही असतात आणि प्रकाशनाला येणारे नातेवाईक. ‘हे प्रकरण गाळा’ किंवा ‘ही कविता अजून झालेली नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते म्हणण्यात स्वारस्य, या साखळीत कोणालाच उरत नाही. प्रस्थापित प्रकाशकाबद्दल लेखकांच्या तक्रारी काहीही असोत, त्याचे स्वतःचे भांडवल गुंतलेले असल्याने नकार देणे त्याला भाग असते. स्वप्रकाशनात नकार देणारी ती खुर्चीच रिकामी राहते.

लेखकाला व्यावसायिक व्हायचे असेल, तर ती खुर्ची आधी भरली पाहिजे. संपादक आणि मुद्रितशोधक ही दोन वेगळी माणसे आहेत, हेही अनेकांच्या गावी नसते. संपादक मजकुराचा विचार करतो. काय राहावे, काय जावे, कुठला प्रसंग आधी यावा, हे त्याचे काम. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, निसटलेल्या ओळी पाहतो. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम ठरवले, 1972 मध्ये आणखी चार जोडले. हे अठरा नियम सराईतपणे लावणारा माणूस सापडणे आज कठीण झाले आहे, आणि सापडलाच तर ‘जरा नजर टाका’ म्हणून दीडशे पाने त्याच्या हाती फुकट ठेवली जातात. निवृत्त शिक्षकांच्या वाट्याला हा मान विशेष येतो.

सहायकांच्या या दुर्लक्षाला या परिसरात तरी कारण असू नये. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या लिहिणारे संताजी जगनाडे परंपरेनुसार चाकणचे, त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्यात. व्यवसाय तेलघाण्याचा. त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी 1919-20 मध्ये ठाण्याहून ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. कवीच्या नावाबरोबर लेखनिकाचे नाव सुमारे साडेतीनशे वर्षे टिकून राहिले, असे उदाहरण याच पंचक्रोशीतले आहे. आजच्या स्वप्रकाशित पुस्तकात मुखपृष्ठकाराचे नाव येते, मुद्रणालयाचे येते. पाने जुळवणाऱ्या मुलीचे आणि मुद्रिते तपासणाऱ्याचे नाव बहुधा येत नाही.

या अनामिकतेचा फटका लेखकालाही बसतो. तो हल्ली मोबाईलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये लिहितो. डीटीपीच्या दुकानात मजकूर ‘श्री-लिपि’सारख्या प्रणालीच्या जुन्या सांकेतिक फाँटमध्ये बदलून घेतला जातो. या बदलात जोडाक्षरे फुटतात, ‘वाऱ्या’तला र भलतीकडे जातो, अवतरणचिन्हे उलटी होतात. दोन-तीन मुद्रितांत त्या चुका निस्तरल्या जातात, लेखकही शेवटच्या क्षणी चार परिच्छेद बदलतो. हे सर्व घडते ते दुकानातल्या फाइलमध्ये. लेखकाच्या घरी राहतो तो जुना, न सुधारलेला मजकूर आणि छपाईची पीडीएफ. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर 2016 पासून घेता येऊ लागली, 2017 मध्ये ‘स्टोरीटेल’ आले, ‘प्रतिलिपि’वर तर त्याआधीपासून मराठी कथा वाचल्या जात होत्या. लेखकाला पुस्तक तिकडे न्यायचे असते तेव्हा दुकान बंद पडलेले असते, किंवा जपून ठेवलेली फाइल उघडल्यावर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग दिसते. मग दोनशे पाने पुन्हा टंकावी लागतात. कामाचा दर ठरवतानाच ‘अंतिम मजकूर युनिकोडमध्ये परत द्यावा’ एवढी एक ओळ लिहून घेतली असती तर हा खर्च वाचला असता. पण ओळ लिहायला मुळात कागद हवा, आणि ओळखीच्या माणसाशी कागद करणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो.

कागदाचा प्रश्न ‘शब्दांकना’त अधिक टोकदार होतो. या पट्ट्यातील उद्योजकांना आपली जडणघडण पुस्तकरूपात यावी असे वाटते, आणि ते काम एखादा गरजू पत्रकार किंवा प्राध्यापक करून देतो. सांगणाऱ्याने पैसे दिले म्हणजे मजकूर त्याचा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याची रीत वेगळी आहे. नोकरीच्या करारात नसलेल्या व्यक्तीने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सामान्यतः तो लिहिणाराच असतो, आणि हक्क दुसऱ्याकडे जायचे तर ते लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश नमूद नसेल तर हक्क भारतापुरतेच समजले जातात. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या संस्थांच्या छापील फॉर्मवर सही करतानाही नेमकी हीच कलमे वाचायची असतात. छपाईचा खर्चही लेखकाने द्यायचा आणि हक्कही अनंत काळासाठी सोपवायचे, अशा व्यवहाराला कारखानदारीत काय म्हणतात, हे खरेदी विभागात काम केलेल्याला सांगायला नको.

आता पैशांकडे. समजा, दीडशे-दोनशे पानांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती काढल्या आणि प्रतीमागे 90 रुपये खर्च आला. एकूण 45 हजार. छापील किंमत 200 रुपये, विक्रेत्याला 40 टक्के सवलत, म्हणजे लेखकाच्या हाती प्रतीमागे 120 रुपये. भांडवल सुटण्यासाठी 375 प्रती विकाव्या लागतील. प्रकाशनाच्या दिवशी आणि त्यानंतरच्या महिन्यात दीडशे प्रती ‘सप्रेम’ गेल्या, तर शिल्लक राहतात 350. त्यातली शेवटची प्रत विकली गेली तरी 42 हजारच येतात. विक्रीचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वी पुस्तक तीन हजारांनी तोट्यात गेलेले असते, आणि या हिशेबात संपादनाचा, मुद्रितशोधनाचा एक रुपयाही धरलेला नाही. हे पैसे अनेकदा ग्रॅच्युइटीतले असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘हौसेला मोल नसते’ हे वाक्य तितकेसे गोड वाटत नाही.

त्या दीडशे सप्रेम प्रतींच्या दुसऱ्या टोकाला वाचक उभा आहे. सिनेमाचे तिकीट तो मित्राकडे मागत नाही, पुस्तकाची प्रत मात्र मागतो आणि न मिळाल्यास रुसतो. फुकट आलेले पुस्तक वाचण्याचे बंधन नसते. त्यावर खरे मत देण्याचे तर नसतेच. मराठी वाचक नेहमीच असा होता असे नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यावर ‘ग्रंथाली’ उभी राहिली ती वाचकांची चळवळ म्हणून. 1978 मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ त्याच वाटेने आले. आपण पुस्तक विकत घेतो म्हणून पुढचे पुस्तक निघते, हे तेव्हाच्या सभासदाला ठाऊक होते. आज पुण्यात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या पुस्तक महोत्सवाला 2023 पासून जी गर्दी होते, ती पाहता खरेदीची सवय गेलेली नाही. ओळखीच्या लेखकाचे पुस्तक विकत घेण्याची सवय मात्र अजून लागायची आहे.

स्वतंत्र प्रकाशन म्हणजे कमअस्सल प्रकाशन, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चार कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ काढून 1976 मध्ये स्वतःचीच पुस्तके छापली. ‘जेजुरी’ त्यांतले एक. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले मुरलेले चित्रकार होते, पुस्तकांच्या रूपाची बाजू त्यांनी सांभाळली. त्यांची मराठी पुस्तके अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने काढली. 1977 मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’, 2003 मध्ये ‘भिजकी वही’. अक्षर, कागद, मुद्रिते यांबाबत शहाणे यांचा काटेकोरपणा प्रसिद्ध आहे. ‘भिजकी वही’ला 2005 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भांडवल तुटपुंजे, कार्यालय जवळपास नाहीच, पण उपजीविकेत कमावलेले कसब पुस्तकाच्या कामी आले आणि मजकुराकडे परक्या नजरेने पाहणारा माणूस लेखकाच्या शेजारी उभा होता. चिंचवडच्या निवृत्त तपासनीसाकडे यातली पहिली गोष्ट तयार आहे. दुसरी त्याला शोधावी लागेल.

ती शोधण्याच्या वाटा बंद नाहीत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत पहिल्या पुस्तकाचे हस्तलिखित पाठवता येते. तेथून नकार आला तरी निदान ओळख नसलेल्या कोणीतरी ते वाचलेले असते. आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून लेखकाला स्वतःच्या नावे विनामूल्य मिळतो, त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजण्याचे कारण नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. आमदारांना भेट द्यायच्या प्रतींची यादी तयार असते, या चार प्रतींची बहुधा नसते.

डिजिटल छपाईमुळे आणखी एक सोय झाली आहे. एकदम पाचशे प्रती काढण्याची आता सक्ती उरलेली नाही. प्रतीमागे दर चढा पडतो, पण पन्नास प्रतींचा पहिला लॉट काढता येतो, तो आधी नावे नोंदवलेल्या पन्नास अनोळखी वाचकांना पूर्ण किमतीत देता येतो आणि त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करून मग पुढची छपाई करता येते. भोसरीतल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये याला पहिला नमुना मंजूर करून घेणे म्हणतात. पन्नास नावे नोंदली गेलीच नाहीत, तर उरलेल्या साडेचारशे प्रतींचे काय करायचे, हे माळ्याची शिडी लावण्याआधीच कळते.