ओळखीच्या पेठेत गुपित राखताना

मंगळवार पेठेत कोण कुठल्या दवाखान्याचा जिना चढले, हे ते माणूस खाली उतरायच्या आत अर्ध्या गल्लीला कळलेले असते. ‘काय वहिनी, वर कुणाकडं गेलता?’ हा प्रश्न आपुलकीचाच असतो. दाढ दुखत असेल तर उत्तर सोपे. वर समुपदेशक बसत असेल, तर तेच उत्तर घशात अडकते आणि पुढच्या वेळी पाय जिन्याकडे वळत नाहीत.

अशा ठिकाणी तोंड मिटून ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. ते उघडते तेव्हा दरवेळी मनात वाईट हेतू असतो असे नाही. शाळेतल्या व्याख्यानात ‘माझ्याकडची एक केस’ सांगितली जाते. नाव घेतलेले नसते, पण वडिलांचा धंदा, मुलीची इयत्ता आणि तालमीजवळचे घर एवढे आले, की पेठेला नाव लागत नाही. सुनेच्या सासूबाई काळजीपोटी फोन करतात आणि ओळखीला भीड पडून समुपदेशक दोन वाक्ये जास्त बोलून जातो. ती दोन वाक्ये संध्याकाळपर्यंत घरी पोचलेली असतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम २३ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर तो पाळण्याचे बंधन घातले आहे. अडचण त्यापुढची आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी सक्तीची आहे; विनानोंदणी काम केल्यास १९९२च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे आज बऱ्याच ठिकाणी एका बैठकीची फी! इतर मानसशास्त्रज्ञांना नियमांच्या चौकटीत आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला, पण राज्याराज्यांतली त्याची अंमलबजावणी रेंगाळत राहिली.

याची किंमत काय असू शकते, ते नागपूरने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. तिथे एका समुपदेशकाला पोलिसांनी अटक केली. मार्गदर्शनासाठी आणि निवासी शिबिरांसाठी आलेल्या विद्यार्थिनींचे अनेक वर्षे लैंगिक शोषण केल्याचा आणि छायाचित्रांच्या आधारे त्यांना धमकावल्याचा आरोप त्याच्यावर आहे. न्यायालय काय ते ठरवील. पण ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे, तोच शिबिर भरवणारा, मुक्कामाची सोय पाहणारा आणि करिअर ठरवणारा असेल, तर मुलीने ‘नाही’ म्हणायचे कोणाच्या बळावर? उपचाराच्या नात्यात दुसरे कुठलेही नाते मिसळू नये हा नियम कोरडा वाटतो. तो आहे मात्र याचसाठी.

म्हणून पालकांनी पहिल्याच भेटीत पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारावा. त्याचा राग येणाऱ्याकडे मुलाला नेऊ नये. ‘इथले काहीच बाहेर जाणार नाही’ असे सरसकट वचन देणाऱ्याविषयीही सावध राहावे, कारण ते वचन खरे नसते. जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा कलम २३मध्येच आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावेच लागते. चांगला समुपदेशक या मर्यादा आधीच, मुलाला समजतील अशा शब्दांत सांगतो.

पेठेत काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट पहिल्या बैठकीतच सांगून टाकावी. इथे समोरच्याला ओळख न देणे म्हणजे शिष्टपणा समजला जातो, आणि खासबागेत किंवा मिरजकर तिकटीला गाठ पडणारच. ‘रस्त्यात दिसलो तर मी आपणहून बोलणार नाही. तुम्ही हाक मारलीत तर थांबेन.’