फ्लूची लस आणि ऐपतीची अट

जून उजाडला की बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांची आवारे पुन्हा गजबजू लागतात. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यातून, नीरा-भीमेच्या काठच्या गावांतून मुले-मुली एस.टी.ने येतात, एका बाकावर दाटीने बसतात, वसतिगृहाच्या एका खोलीत तिघे-चौघे राहतात. पावसाळा आणि थंडी हे आपल्याकडे फ्लूचे हंगाम. एकाला ताप चढला की तो खोलीभर पसरतो, आणि शनिवारी त्याच एस.टी.ने गावी जाऊन दमेकरी आजोबांच्या नि गरोदर वहिनीच्या उशाशी पोहोचतो.

पुणे जिल्ह्याला याचा अनुभव नाही असे नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तो पुण्यातील चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. शाळा-महाविद्यालये बंद झाली, रुग्णालयांपुढे रांगा लागल्या. त्या वेळी लस उपलब्ध नव्हती, हे समजण्यासारखे होते. परंतु २०१० मध्ये नाकात फवारण्याची लस पुण्यातच तयार झाली. विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही १९५२ पासून पुण्यातच आहे. रोग ओळखणारे आणि लस बनविणारे दोघेही आपल्याच जिल्ह्यात असताना ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाबाहेर आहे. खाजगी दवाखान्यात तिला हजार रुपयांहून अधिक मोजावे लागतात, आणि विषाणू रूप पालटत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते. शेतमजुराच्या मुलीने हे पैसे कोठून आणावेत?

धडधाकट तरुणांवर सरकारने खर्च का करावा, असे कोणी विचारील. आक्षेप अगदीच गैरलागू नाही. या लसीवर पहिला हक्क वृद्धांचा, गरोदर स्त्रियांचा आणि जुनाट आजाराच्या रुग्णांचा आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना ती मोफत देण्यास प्रारंभ केला, तो याच विचाराने. लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. चांगल्या वर्षी ती साधारण निम्म्या आजारांना आवर घालते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु दाटीने राहणारा विद्यार्थी हा रोग आणि घर यांमधील दुवा आहे, आणि त्यांच्यातही दमा-मधुमेहाचे रुग्ण असतात.

म्हणून आमचे म्हणणे असे : सत्राच्या प्रारंभीच, पावसाचा जोर वाढण्यापूर्वी, प्रत्येक महाविद्यालयात सरकारी खर्चाने लसीचे शिबिर भरावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी हे काम अंगावर घ्यावे. सक्ती कोणावर नको. माहिती मात्र सर्वांना हवी. खानावळीतील स्वयंपाकीण, सफाई कामगार आणि पहारेकरी यांना त्याच रांगेत उभे राहता आले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या वृद्धांच्या याद्या कराव्यात. गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांपर्यंत जावे.

नीरा डावा कालवा शंभराहून अधिक वर्षे या तालुक्यांतून वाहत आहे. त्याच्या पाण्याने एका अंगाला ऊस डोलला, तर दुसऱ्या अंगाची गावे टँकरची वाट पाहत राहिली. जवळून वाहणारी गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, हे कऱ्हाटीच्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. लसीच्या बाबतीत तरी तो इतिहास पुन्हा घडू देऊ नये.